पायाखालचं ऊन पाणी

'ज्वालामुखी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दहापैकी नऊ जणांना शंकूसारखा डोंगर, वर धूर आणि बाजूने वाहणारा लालभडक रस दिसतो. उरलेल्या एकाला सबमिशनच्या आदल्या दिवशीचे आमचे लॅबचे सर दिसतात! पण हॉस्टेलच्या मागच्या टेकडीवर जी खडीची खाण आहे, तिथला काळा दगड म्हणजेच गोठलेला लाव्हा, हे मात्र कुणाच्या मनातही येत नाही. आपण त्याच लाव्ह्याच्या खडीवर चालतो, त्याच्याच भिंतीआड झोपतो आणि ज्वालामुखी बघायला टीव्ही लावतो.

मी कॉन्व्हेंटमधली. आमच्या जॉग्रफीच्या पुस्तकात व्हेसुव्हियस होता, फुजियामा होता, इ.स. ७९ मध्ये राखेखाली गडप झालेलं पॉम्पेई तर चित्रासकट होतं. डेक्कन ट्रॅप्सला मात्र दोन ओळी. मराठी माध्यमातल्या रूममेटला विचारलं, तर तिला 'दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनले आहे' हे वाक्य पाठ होतं. रिकाम्या जागा भरा, एक मार्क. म्हणजे माध्यम कुठलंही असो, मार्क मिळाला की दगडाशी आपला संबंध संपला.

आता तुम्ही म्हणाल, हिला एकदम दगडाचं प्रेम का आलं? तर कारण असं. गेल्या सेमिस्टरला कॅन्टीनमध्ये ऊर्जेवर वाद रंगला. एक पार्टी म्हणाली, कोकणात गरम पाण्याची कुंडं आहेत, म्हणजे खाली ज्वालामुखी आहे, आइसलँडसारखी वीज काढा, कोळसा बंद! दुसरी पार्टी म्हणाली, आपल्याकडे जिवंत ज्वालामुखी नाही, तेव्हा जमिनीतली उष्णता विसरा. दोन्हीकडे फर्स्ट क्लासवाले होते आणि दोन्ही पार्ट्या चुकीच्या होत्या. माझं मत असं आहे की जमिनीखालचं साधं शास्त्र ठाऊक नसल्यामुळे आपण एक तर वेड्यासारखी स्वप्नं बघतो, नाही तर हाताशी असलेली गोष्ट सोडून देतो. आणि ही हाताशी असलेली गोष्ट बरीच उपयोगाची आहे.

आधी ज्वालामुखीचं बघू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला. थरावर थर, मध्ये विश्रांती, पुन्हा थर. महाबळेश्वरच्या कड्यावर किंवा पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून घाटात ज्या आडव्या पट्ट्या दिसतात ना, ते हेच थर. 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतला जिना. या पायऱ्यांवरूनच ते नाव पडलं. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलेला आहे. अजिंठा-वेरूळ त्यातच कोरलेलं, रायगड त्याच्यावरच उभा आणि कापसाची काळी जमीनही त्याच्याच झिजण्यातून तयार झालेली. विहीर खणणाऱ्याला विचारा, तो मुरूम, मांजऱ्या, काळा फत्तर असे थर हाताने चाचपून ओळखतो. आपल्याला सेमिस्टरला सहा-सहा सब्जेक्ट आहेत, पण हा नाही. (सिव्हिलवाल्यांना आहे. ते ऑप्शनला टाकतात.)

मग ही चूल विझली कधी? खरं म्हणजे विझली नाही, आपणच तिच्यावरून सरकलो. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ती खोलवरची चूल आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून पेटतो. भारताचा भूखंड तिच्यावरून पुढे उत्तरेकडे निघून गेला. शेजारचं मॉरिशस, जिथे एकोणिसाव्या शतकात मराठी माणसं ऊसमळ्यांवर कामाला गेली, तेही त्याच चुलीवर शिजलेलं बेट. म्हणजे आपला कातळ आणि त्यांचा कातळ एकाच घरचा! आज भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, तो अंदमानातल्या बॅरन बेटावर. महाराष्ट्राखाली लाव्ह्याचा रांजण भरून ठेवलेला नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी तिथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, ते २०१७ मध्ये पुरं झालं. सव्वा किलोमीटरच्या आसपास लाव्ह्याचे थर संपले आणि खाली लागला तो ग्रॅनाइटच्या जातीचा जुना, घट्ट खडक.

बरं, मग कोकणातलं पाणी गरम कसं? माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. तुरळ आणि राजवाडीची कुंडं तिथून जवळ. आजी म्हणते, "खाली गंधक आहे गो, म्हणून पाणी ऊन." मामा म्हणतो, खाली ज्वालामुखी आहे, एक दिवस फुटेल. आजीला वास येतो तो खराच, कारण गरम पाणी वर येताना खडकातलं काय काय विरघळवून आणतं. पण ते परिणाम झाला, कारण नव्हे. आणि मामाने निवांत झोपावं.

गंमत म्हणजे कारण अगदी साधं आहे. पृथ्वी आतून गरम आहे, सगळीकडेच. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलात की साधारण २५ ते ३० अंश सेल्सियसने तापमान वाढतं. याला ज्वालामुखी लागत नाही, तुमच्या मेसच्या खालीसुद्धा हेच आहे. सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो, त्यातलं थोडं पाणी खोल भेगांमधून खाली खाली जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून चटकन वर येतं. गणित करून बघा. पावसाचं पाणी २७ अंशांचं धरलं आणि कुंडात ७० अंशांचं निघालं, तर ते कमीत कमी दीड किलोमीटर खाली जाऊन आलेलं असणार. वाटेत निवतं ते धरलं तर आणखी खोल. पालघरपासून वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, खेड-दापोलीकडचं उन्हवरे, अरवली, तुरळ ते राजापूरचं उन्हाळे, ही सगळी कुंडं सह्याद्रीला समांतर अशा एका अरुंद पट्ट्यात ओळीने आहेत. भेगा तिथे आहेत, म्हणून पाणी तिथे आहे. आणि ही नावं जरा मोठ्याने म्हणून बघा. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. ऊन ऊन भातातलं 'ऊन' आहे हे! आपल्या पूर्वजांनी थर्मामीटर नसताना रीडिंग गावाच्या नावात लिहून ठेवलं.

पृथ्वी आतून गरम का, हेही सांगते, कारण मला स्वतःला ते सगळ्यात आवडतं. साधारण निम्मी उष्णता पृथ्वी घडताना आत अडकलेली जुनी उष्णता आहे. बाकीची निम्मी युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या सावकाश फुटण्यातून येते. आता युरेनियम पृथ्वीवर बनत नाही. इतकी जड मूलद्रव्यं बनायला मेलेले तारे एकमेकांवर आदळण्यासारखे भयंकर प्रसंग लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये असे दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याची लहर लायगोच्या यंत्रांनी पकडली आणि पाठोपाठ दुर्बिणींना त्या धडकेत जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा मिळाल्या. तसलीच यंत्रणा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी करायला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे उन्हवऱ्याच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या म्हातारीच्या गुडघ्यांना जो शेक मिळतो, त्यातला काही भाग पृथ्वीच्या जन्माआधी मेलेल्या ताऱ्यांचा आहे. हे वाचून कुणाच्या अंगावर काटा येत नसेल, तर त्याने आयटीत खुशाल जावं.

असो. आता वीजवाल्या पार्टीकडे वळते. इटलीत लार्देरेलो इथे १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले, तिथून ही कहाणी सुरू झाली. पण ती वाफ होती. आपल्याकडे आहे ७० अंशांचं पाणी. सेकंड इयरला थर्मोत कार्नो घोकला होता ना? तो इथे लावा. ७० अंश म्हणजे ३४३ केल्व्हिन, बाहेरचं तापमान ३० म्हणजे ३०३. आदर्श यंत्राची कार्यक्षमता ४० भागिले ३४३, बारा टक्क्यांहूनही कमी. खरं यंत्र त्याच्या निम्म्यावर आलं तरी पेढे वाटा. यावर मेकॅनिकलचे हुशार लोक अलास्कातलं चेना काढतील, तिथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज बनते. बरोबर आहे. पण तिथे यंत्र थंड करायला बर्फासारखं पाणी आहे. कोकणात मे महिन्यात यंत्र कशाने थंड करणार, सोलकढीने? आपल्या देशात विजेसाठी खरी आशा लडाखमधल्या पुगा खोऱ्यात आहे. ४,४०० मीटर उंचीवर तिथे पाणी उकळत वर येतं. ओएनजीसीने तिथल्या प्रकल्पासाठी २०२१ मध्ये करार केला, पण ते काम अवघड आणि सावकाशीचं आहे.

पण उष्णतेची वीजच का करायची? उष्णता उष्णता म्हणून वापरावी! आइसलँडमध्ये दहापैकी नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्याने ऊबदार राहतात, ही गोष्ट विजेच्या नादात कुणी सांगत नाही. आपल्याला घर तापवायचं नाही, कोकण आधीच तापलेलं आहे. आपल्याला वाळवायचं आहे. २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला. त्याआधी आठवडाभर कोकणात पाऊस होताच. कोकमाचं फळ एप्रिल-मेमध्ये हाताशी येतं, सालांना रसाची पुटं देत देत उन्हात वाळवायचं, तेव्हा कुठे आमसुलं होतात. त्या वर्षी मामीच्या अंगणातली बरीचशी आमसुलं बुरशी लागून फुकट गेली. आंबापोळीचं तेच, सुक्या मासळीचं तेच. ऊन गेलं की धंदा गेला. आणि वाळवणाच्या कपाटाला हवा लागते पन्नास-साठ अंशांची. म्हणजे वरचं ऊन गेलं तरी खालचं ऊन चालूच आहे, पावसात, रात्री, अमावास्येलाही!

समजा, एखाद्या कुंडातून वाहून जाणारं पाणी सेकंदाला एक लिटर आहे आणि ते आपण ६० अंशांवरून ४० वर आणलं. तर मिळतात ८४ किलोवॉट, म्हणजे दोन किलोवॉटचे बेचाळीस गीझर एकदम लावल्यासारखं. निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं, तरी तासाला साठेक किलो पाणी उडून जाईल. याला बोअर मारायला नको, टर्बाइन नको. नळ्यांचा एक हीट एक्स्चेंजर, एक पंखा, एक कपाट. कुंडाला हात लावायचा नाही, तिथे देव आहे, लोक आंघोळीला येतात. ओढ्याला मिळून वाया जातं तेवढंच पाणी घ्यायचं. नळ्यांत क्षार साचतील, गंज चढेल, पाण्याचा जोर उन्हाळ्यात कमी होईल. अडचणी खऱ्या आहेत, पण त्या इंजिनिअरच्या अडचणी आहेत. आपण नाही सोडवायच्या तर कुणी?

उलट आपण काय करतो ते बघा. दगडी कोळसा खाणीतून काढतो, शेकडो किलोमीटर आणतो, जाळतो, त्याची पाचशे अंशांच्या पुढची वाफ करतो, दोन तृतीयांश उष्णता घालवून उरलेल्याची वीज करतो, ती तारांतून हॉस्टेलपर्यंत आणतो आणि तिच्यावर लेडीज हॉस्टेलमध्ये सकाळी साडेपाच ते सात आंघोळीचं पाणी ४५ अंशांपर्यंत कोमट करतो. डोंगर पोखरून उंदीर काढणे म्हणतात ते हेच. घाट आडवा आहे, तेव्हा तुरळचं पाणी काही इथवर यायचं नाही. पण गच्चीवरचे सोलर हीटर दोन वर्षं गळतायत, तेवढे दुरुस्त झाले तरी चालेल. रेक्टर मॅडम हे वाचतील अशी आशा आहे.

कॅन्टीनमधला आणखी एक लाडका डायलॉग म्हणजे, "ज्वालामुखीच एवढा कार्बन सोडतात, आपण कोळसा जाळला काय नि न जाळला काय!" साफ खोटं. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. फिलिपिन्समधला पिनाटुबो १९९१ मध्ये फुटला तेव्हा तर गंधकाच्या धुरक्याने सूर्यप्रकाश अडून जग वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाने थंडच झालं होतं. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याने खूप कार्बन सोडला असणार, पण त्याला लाखो वर्षं लागली. आपण अडीचशे वर्षांत घाई केली.

तर माझा प्रस्ताव असा. दरवर्षी फायनल इयरला तोच लाइनवरून पळणारा रोबो होतो, काही जण तर तो विकतच आणतात (नावं सांगत नाही). त्याऐवजी या दिवाळीच्या सुट्टीत तुरळ, राजवाडी आणि अरवलीला जाऊन नुसतं मोजमाप करू. एक थर्मामीटर, एक मापाची बादली, एक स्टॉपवॉच. गावातल्या लोकांना आणि देवस्थानाला आधी विचारायचं, मगच बादली लावायची. मग मेमध्ये पुन्हा जायचं आणि पाणी किती घटतं ते बघायचं. राहायची सोय मामाकडे, जेवण मामीच्या हातचं. आतापर्यंत मेकॅनिकलचे तिघे, केमिकलच्या दोघी आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक जण तयार आहे. सिव्हिलचं अजून कुणीच नाही.