यंत्रांचा हजेरीपट

छत्तीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें एक गोष्ट माझ्या अंगवळणीं पडली आहे. वर्गांत शिरतांच प्रथम हजेरी घ्यावयाची. मुलगा आला असेल तर 'हजर' म्हणून ओ देतो. परंतु जो आलाच नाहीं तो 'मी गैरहजर आहें' असें थोडेंच सांगणार! त्याची अनुपस्थिति आपणांस कळते ती त्याचें नांव पटावर आहे म्हणून, व तें नांव रोज पुकारलें जातें म्हणून. गोष्ट इतकी साधी. पण एका संगणकाच्या बाबतींत मला तिचा विसर पडला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका घराण्यास द्यावी लागली. ती हकीकत, व तिच्यापासून शहाणा होऊन मीं जी देखरेखीची व्यवस्था उभी केली तिची माहिती, ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवितों.

सेवानिवृत्त झाल्यावर मी आमच्या गांवच्या ग्रंथसंग्रहालयाच्या कामांत लक्ष घालूं लागलों. सांगली जिल्ह्यांतील हें नदीकांठचें गांव. जुन्या घराण्यांतील पोथ्या व मोडी कागद तात्पुरते आणावयाचे, त्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, आणि मूळ वस्तु मालकास परत करावयाची, असा आमचा उपक्रम होता. छायाचित्रें एका सर्व्हरवर ठेवलेलीं असत. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस जागा राहून इतर संगणकांच्या मागण्या पुरविणारा संगणक. रोज रात्रीं दोन वाजतां तेथील सर्व छायाचित्रांची नक्कल दुसऱ्या तबकडीवर उतरविली जाई, आणि काम संपलें कीं 'नक्कल पूर्ण' असें एका ओळीचें ईमेल-पत्र माझ्या नांवें येई.

२०१९ च्या चैत्रांत हीं पत्रें यावयाचीं थांबलीं. तें माझ्या ध्यानांत आलें नाहीं असें लिहिलें तर तें असत्य होईल. ध्यानांत आलें होतें. पण सकाळचें टपाल थोडें हलकें झालें म्हणून मला बरेंच वाटलें. कांहीं बिघडलें असतें तर तसें पत्र आलें असतें, अशी मीं मनाची समजूत घातली. वास्तविक दुसरी तबकडी काठोकांठ भरून गेली होती. नक्कल करणारा प्रोग्रॅम अर्ध्यावरच थांबे. आणि पत्र पाठविण्याची ओळ त्याच्या अगदीं शेवटीं असल्यामुळें तेथपर्यंत तो पोंचतच नसे. आषाढांत सर्व्हरची मूळ तबकडी नादुरुस्त झाली, आणि तीन महिन्यांचीं छायाचित्रें गेलीं तीं गेलींच.

पोथ्या पुन्हा मागवून घेऊं, असें आम्हीं ठरविलें. तोंच ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर आला. एका वैद्य घराण्याचीं, तीन पिढ्यांचे अनुभव मोडींत नोंदलेलीं दोन बाडें आम्हीं ज्येष्ठांत परत केलीं होतीं. त्यांच्या माजघरांत छातीइतकें पाणी चढलें. पाणी ओसरल्यावर ते वृद्ध गृहस्थ संग्रहालयांत आले व म्हणाले, "मास्तर, बाडांचा लगदा झाला. पण मी वाईट वाटून घेत नाहीं. तुमच्याकडे चित्रें आहेत, तीं एकदां नातवाला दाखवा म्हणजे झालें."

खरी गोष्ट त्यांना सांगणें माझ्याकडे आलें. मीं ती सांगितली. ते थोडा वेळ बसले, पाणी प्याले, आणि कांहीं न बोलतां उठून गेले.

त्या रात्रीं मला माझ्याच पाठांतरांतील एक विषय आठवला. नैयायिक प्रमाणें चार मानतात. परंतु भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धि' हें आणखी एक प्रमाण मानतात. वस्तु न दिसण्यावरून ती नाहीं हें ज्ञान होतें, असें त्यांचें म्हणणें. मात्र त्यास एक अट आहे. वस्तु तेथें असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिति असावी लागते. उजेड असलेल्या खोलींत घट दिसला नाहीं तर घट नाहीं, हें खरें. अंधाऱ्या खोलींत तो दिसला नाहीं, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. माझें चुकलें तें येथेंच. तक्रारीचें पत्र आलें नाहीं म्हणून बिघाड नाहीं, असें मीं अनुमान केलें. पण तक्रार करणारा कोणी मीं नेमलाच नव्हता. मी अंधाऱ्या खोलींत पाहत होतों.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास अशाच यंत्रांच्या देखरेखीचें काम करतो. त्याला सर्व कळविलें तेव्हां तो म्हणाला, "सर, तुम्हांला नवा सर्व्हर नको, पहारेकरी पाहिजे." त्यानें सुचविलेला पहारेकरी म्हणजे 'नागिओस' नांवाचा प्रोग्रॅम. अमेरिकेंतील ईथन गॉलस्टॅड यांनीं तो लिहिला व १९९९ सालीं 'नेटसेंट' ह्या नांवानें लोकांस खुला केला. पुढें त्या नांवाच्या हक्काचा प्रश्न निघाल्यामुळें २००२ सालीं 'नागिओस' हें नांव आलें. ग्रीक भाषेंत 'हागिओस' म्हणजे पवित्र पुरुष. तेव्हां जुन्या नांवांतील संत नव्या नांवांतहि वेषांतर करून राहिला आहे. त्याची मूळ संहिता कोणासहि वाचतां येते, बदलतां येते व दुसऱ्यास देतां येते. देतांना तेंच स्वातंत्र्य घेणाऱ्यासहि द्यावें, एवढाच दंडक. मोल कांहीं पडत नाहीं. विद्यादानाची ही रीत आपल्या पाठशाळांना अपरिचित नाहीं.

पहिला नियम असा कीं, पहारेकरी त्याच घरांत झोंपलेला नसावा. सर्व्हरवरच नागिओस बसविला तर सर्व्हरबरोबर तोहि निजेल. म्हणून संग्रहालयांतील एक जुना, टाकून दिलेला संगणक मीं घेतला व त्यावर डेबियन ही खुली प्रणाली घातली. नागिओस तिच्या भांडारांतच आहे. एका ओळीच्या आज्ञेनें तो येऊन बसतो. एवढें काम अर्ध्या तासाचें. खरें काम पुढें आहे. त्याला मला तीन संध्याकाळ लागल्या.

तें काम म्हणजे पट भरणें. कोणत्या यंत्रावर लक्ष ठेवावयाचें, त्याची कोणती गोष्ट तपासावयाची, किती वेळानें तपासावयाची, आणि बिघाड झाल्यास कोणाला कळवावयाचें, हें सर्व साध्या अक्षरांच्या फाइलींत लिहावें लागतें. लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्याची वेगळी आज्ञा आहे, आणि ती दिल्यावांचून नागिओस पुन्हा सुरू करूं नये. मीं एक महिरपी कंस मिटावयाचा विसरलों होतों; तिनें फाइलीचें नांव व ओळीचा क्रमांक सांगून माझा कान पकडला. सर्व्हरवर 'एन्‌आर्‌पीई' नांवाचा एक छोटा मदतनीस ठेवावा लागतो. तो आंतील स्थिति पाहून उत्तर देतो. मात्र आमच्या पहारेकऱ्याखेरीज कोणाच्याहि प्रश्नास त्यानें उत्तर देऊं नये, अशी ताकीद त्याच्या फाइलींत अवश्य लिहावी.

तपासणीचें उत्तर चार अंकांपैकीं एक असतें. शून्य म्हणजे ठीक, १ म्हणजे सावध, २ म्हणजे संकट, आणि ३ म्हणजे 'कळत नाहीं'. हा चौथा प्रकार मला फार आवडला. जें कळलें नाहीं तें 'ठीक' ह्या सदरांत ढकलावयाचें नाहीं, हा विवेक यंत्रास शिकविलेला आहे. माझ्या ठायीं तो त्या चैत्रांत नव्हता. तबकडींत शेंकडा २० जागा उरली कीं सावध व १० उरली कीं संकट, अशा मर्यादा मीं घातल्या. ही एक तपासणी पूर्वीं असती तरी तबकडी भरण्यापूर्वींच मला कळलें असतें.

परंतु खरें औषध निराळेंच आहे. नागिओस दोन प्रकारें माहिती मिळवितो. एकांत तो स्वतः जाऊन विचारतो. दुसऱ्यांत तो वर्दीची वाट पाहतो. नक्कल पूर्ण झाली कीं सर्व्हरनें आपण होऊन वर्दी द्यावी, असें मीं ठरविलें. ती पोंचविण्यासाठीं 'एन्‌एस्‌सीए' नांवाचें साधन आहे. आणि त्या वर्दीला ताजेपणाची मुदत घातली ९३,६०० सेकंदांची, म्हणजे २६ तासांची. रोजच्या नकलेला २४ तास व उशिरासाठीं दोन तास सूट. तेवढ्या वेळांत वर्दी आली नाहीं, तर 'नकलेची वर्दी नाहीं' असें नागिओस स्वतःच ठरवितो व संकटाचें पत्र धाडतो. हीच हजेरी. नांव पुकारलें, ओ आली नाहीं, गैरहजेरी मांडली.

आरंभीं माझ्या हातून उलट चूकहि झाली. उत्साहाच्या भरांत मीं मर्यादा इतक्या कडक ठेवल्या कीं पहिल्याच आठवड्यांत पत्रांचा पाऊस पडला, आणि चौथ्या दिवशीं मी तीं न वाचतांच पुसूं लागलों. विद्यार्थ्यानें दूरध्वनीवरून बजाविलें, "सर, न वाचलेलें पत्र आणि न आलेलें पत्र सारखेंच." मग एकदां चुकल्यास लगेच ओरडूं नये, मिनिटामिनिटाच्या अंतरानें तीन वेळां खात्री करून मगच कळवावें, असें केलें. नागिओसमध्यें त्याची सोय आहेच. ज्या पत्रावर उठून कांहीं करावयाचें नाहीं, तें मुळांत येऊंच नये.

आतां वाचक विचारतील कीं पहारेकरीच झोंपला तर? वीज गेली कीं दोन्ही संगणक एकदमच निजतात, आणि शांतता पुन्हा पूर्वीसारखी फसवी होते. ह्याला मीं यंत्राचा उपाय शोधला नाहीं. ग्रंथपालबाई सकाळीं दार उघडल्यावर नागिओसचें पान पाहतात, आणि कागदी वहींत 'पहारा' व 'नक्कल' अशा दोन चौकटींत स्वतःच्या हातानें खूण करतात. चौकट रिकामी राहिली तर ती डोळ्यांना खुपते. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं मी मुद्दाम वर्दी रोखून धरतों व पत्र येतें कीं नाहीं तें पाहतों. आणि नकलेंतून एखादें छायाचित्र परत काढून उघडून बघतों. नक्कल झाली एवढेंच वर्दी सांगते. ती वाचतां येते कीं नाहीं, हें उघडल्यावांचून कळत नाहीं.

२०२१ मध्यें एकदां पहांटे संकटाचें पत्र आलें. झाडलोट करतांना तबकडीची तार निसटली होती. तासाभरांत ती जागेवर बसविली. ह्यांत सांगण्यासारखें कांहीं घडलें नाहीं, आणि तेंच ह्या व्यवस्थेचें फळ.

पुढें त्या वैद्यांच्या लेकीच्या सासरीं त्याच घराण्याची एक लहान वही निघाली. नातू ती घेऊन आला. आजोबांनींच धाडलें, असें म्हणाला. बेचाळीस पानें होतीं. छायाचित्रें घेऊन वही त्याच्या हातीं परत देण्यापूर्वीं मीं त्याला एक रात्र थांबवून घेतलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहींतील दोन्ही चौकटींत त्याच्यादेखत खूण केली, नकलेंतून सर्व बेचाळीस पानें उघडून त्याला दाखविलीं, आणि मगच वही परत दिली.