लांडग्याचे माळरान वाचवा

नाशिक जिल्ह्यात वन्यप्राणी म्हटले की चर्चा बिबट्याचीच होते. येवला-नांदगावच्या माळरानांवरचा लांडगा मात्र दुर्लक्षितच राहतो. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात लांडगे सुमारे ३,१०० आहेत, म्हणजे साधारण वाघांइतकेच. दोघांनाही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. लक्ष मात्र वाघाकडेच.

लांडगा समजून घ्यायला दीर्घकाळच्या अभ्यासाचे मोल मोठे असते. अमेरिकेतील आइल रॉयल बेटावर १९५८पासून लांडग्यांचा अभ्यास सुरू आहे. एकाकी पडलेला कळप जवळच्या नात्यांतील संकरामुळे कसा खंगतो, हे तिथे उलगडले. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये संशोधकांनी रेडिओ कॉलर लावून लांडग्यांचा माग काढला. त्यातून दिसले की लांडग्याला मोठा मोकळा मुलूख लागतो. तो बहुतांशी अभयारण्याबाहेर राहतो आणि शेळ्या-मेंढ्यांवर बराच अवलंबून असतो.

म्हणूनच नुसते कुंपण घालून तो वाचणार नाही. ‘पडीक’ ठरवून माळरानावर झाडे लावणे किंवा भूखंड पाडणे थांबले पाहिजे. भटक्या कुत्र्यांचे लसीकरण हवे, कारण त्यांचे रोग आणि संकर हे दोन्ही लांडग्याला घातक आहेत. सर्वांत महत्त्वाचा आहे तो मेंढपाळ. पंचनाम्याची वाट पाहत त्याचा वाडा एका जागी थांबू शकत नाही, म्हणून लांडग्याने मेंढरू मारले की भरपाई जागेवर आणि झटपट मिळावी. काळविटांसाठी राखलेल्या, येवला तालुक्यातील ममदापूरपासून वनविभागाने लांडग्यांची कायमस्वरूपी नोंद सुरू करावी. माळ टिकला तरच मेंढरू आणि लांडगा दोघेही टिकतील.