बायपास झाली, आता हंडा कोण उचलणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे वस्तीतल्या माणसाचीही बायपास अंगीकृत रुग्णालयात मोफत होते. ही मोठी गोष्ट आहे. परंतु योजनेतल्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजचा हिशेब सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंत येऊन थांबतो, आणि खरे बरे होणे तर घरी आल्यावरच सुरू होते. ते पुढचे ३ महिने एकट्या घरावर, म्हणजे घरातल्या बाईवर सोडून देणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापून पुन्हा तारेने बांधतात. ते सांधायला ६ ते ८ आठवडे लागतात, पूर्ण बळकट व्हायला साधारण ३ महिने. सुरुवातीचे काही आठवडे दोन-तीन किलोच्या वर वजन उचलायचे नसते. भरलेला हंडा मात्र १५ किलोच्या आसपास असतो! पुरुषाची बायपास झाली, की तांब्यासुद्धा त्याच्या हातात दिला जातो. बाईची झाली, की थोड्याच दिवसांत ती नळाच्या रांगेत उभी दिसते. रुग्णालयातली नोकरी सोडून वस्त्यांत काम करू लागल्यापासून हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तिचे हाड काही वेगळे नसते. हंडा भरणे, कपडे पिळणे, नातवाला कडेवर घेणे हे सर्व ३ महिने नवऱ्याने आणि मुलांनी करावे. त्यात कमीपणा कसला?

आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत आणखी अडचणी आहेत. जमिनीवरून हात टेकून उठताना हाडावर ताण येतो, म्हणून खाट हवी. पोटमाळ्याची शिडी नको. उकिडवे बसणे जड जाते, म्हणून कमोडची खुर्ची हवी. खोकला आला, की उशी छातीशी घट्ट धरावी. जखम साबण-पाण्याने हलकी धुऊन कोरडी टिपावी. हळद, तेल, अंगारा काही लावू नये. गल्लीत रोज थोडे चालावे, हळूहळू वाढवावे. मिशरी, तंबाखू, बिडी कायमची बंद. बरे वाटले म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. बसवलेली नस पुन्हा बंद पडू शकते.

जखमेतून पू, ताप, छातीच्या हाडात कटकट आवाज, पायांवर वाढती सूज यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. छातीत कळ किंवा दम लागला, तर लगेच १०८ ला फोन करावा. रुग्ण उगाच रडतो, चिडतो, त्याला झोप लागत नाही, हेही या दिवसांत होते. त्याला नाटक म्हणू नका. बरेच दिवस तसेच राहिले, तर डॉक्टरांना सांगा.

आता शासनाकडे मागणी. नवजात बाळासाठी आशाताई ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात. छातीचे हाड सांधायलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. मग बायपासच्या रुग्णाकडे एखादी नर्स ठरलेल्या दिवशी का येऊ नये? जखम पाहायला, रक्तदाब मोजायला, गोळ्या तपासायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. गोळ्याही जवळच्या आरोग्य केंद्रात नियमित मिळाल्या पाहिजेत. हे उपकार नव्हेत, हक्क आहे.

मागणी मान्य होईपर्यंत आपण थांबायचे नाही. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढली, तर विहारात एक खाट, एक कमोडची खुर्ची आणि रक्तदाबाचे एक यंत्र सहज येईल. ज्याला गरज त्याने न्यावे, बरे झाल्यावर परत आणावे. पाण्याची पाळी तरुणांनी वाटून घ्यावी. आजारी भिक्खूला तथागतांनी आणि आनंदांनी स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली होती, हे आपण मुलांना सांगतोच.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर हा विषय मांडा. आपल्या वस्तीत हृदयाची शस्त्रक्रिया होऊन कोण कोण घरी आले आहे, त्यांच्या घरी पाणी कोण भरते, याची यादी त्याच दिवशी करा.