गावभरच्या गरोदर बायांची नोंद ठेवणारी, पण तिची नोंद कोण ठेवणार?

गेल्या महिन्यात एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. बातमीसाठी नाही, शेजारच्या काकांना घेऊन. तीन आठवडे झाले तरी त्यांचा खोकला हटत नव्हता. ओपीडीत पन्नास-साठ माणसं, एक पंखा आणि खिडक्या बंद. का, तर डास येतात!

काकांना थुंकीच्या तपासणीची डबी द्यायला सिस्टर आल्या. सहावा-सातवा महिना असावा. तोंडाला साधा निळा मास्क. डबी कशी धरायची, खोलवरून खोकायचं कसं, हे त्या समजावून सांगत होत्या आणि काका हातभर अंतरावरून खोकत होते. मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "सिस्टर, या दिवसांत तुम्हाला ही ड्युटी?"

त्या हसल्या. "मग कुठली देणार दादा? चौघींचं काम दोघी करतोय."

"अर्ज करा ना."

"कंत्राट अकरा महिन्यांचं आहे. दोन महिन्यांत संपतंय. अर्ज करणारीचं नाव बरोबर लक्षात राहतं वरच्यांच्या. आणि हो, पेपरात नाव टाकू नका."

म्हणून इथे त्यांचं नाव नाही, दवाखान्याचंही नाही. तसाही हा प्रश्न एका दवाखान्याचा नाहीच.

काकांचा रिपोर्ट आला. टीबी. काकांचं औषध सुरू झालंय, नीट घेतलं तर बरे होतील. टीबीच्या पेशंटला वाळीत टाकायला मी हे लिहीत नाही. उलट योग्य औषध सुरू झालं की त्याच्यापासून होणारा धोका झपाट्याने कमी होतो. खरा धोका असतो निदान न झालेल्या खोकल्याचा. तो पहिल्यांदा कुठे येतो? ओपीडीत. आणि समोर कोण असतं? सिस्टर, आशाताई, केसपेपर काढणारी मुलगी, फरशी पुसणारी मावशी.

गरोदरपणात हा धोका वेगळा का, ते साध्या भाषेत सांगतो. पोट वाढतं तसा फुप्फुसाखालचा पडदा वर सरकतो. प्राणवायू जास्त लागतो, पण श्वासाला जागा कमी. रोगप्रतिकारशक्तीतही बदल होतात. म्हणून इतरांना चार दिवस आडवं पाडणारा फ्लू गरोदर बाईला थेट आयसीयूत नेऊ शकतो. 2009 च्या स्वाइन फ्लूत जगाने हे पाहिलं. अमेरिकेत लोकसंख्येत गरोदर बायका जेमतेम एक टक्का, पण मृत्यूंत त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास होता. टीबीचं दुखणं आणखी वेगळं. थकवा, भूक मंदावणं, वजन न वाढणं हे सगळं "दिवस गेलेत, असं होणारच" म्हणून सोडून दिलं जातं. निदान उशिरा होतं आणि बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो.

आता कोरोनाचा काळ आठवा. 16 जानेवारी 2021 ला देशात लसीकरण सुरू झालं, पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा. पण गरोदर महिलांना त्यातून वगळलं होतं, कारण त्यांच्यावर चाचण्या झालेल्या नव्हत्या. परवानगी मिळाली 2 जुलै 2021 ला. मधल्या साडेपाच महिन्यांत काय झालं? दुसरी लाट आली आणि गेली! म्हणजे गरोदर सिस्टरला लस नाही, पण ड्युटी आहे. पुढे जानेवारी 2022 मध्ये, तिसऱ्या लाटेत, केंद्र सरकारने आपल्या गरोदर कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्यापासून सूट दिली. चांगलं केलं. पण फाईल घरून बघता येते, सलाईन घरून लावता येत नाही.

नियम नाहीत असंही नाही. कोरोनात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची सूचना होती: गरोदर कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना कळवावं, म्हणजे त्यांना कोविड नसलेल्या भागात काम देता येईल. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातही तरतूद होती की बाळंतपणाआधीच्या ठरावीक आठवड्यांत बाईने विनंती केली तर तिला कष्टाचं किंवा गर्भाला धोक्याचं काम देता येणार नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आलीय. नीट वाचा: कर्मचाऱ्याने कळवावं, बाईने विनंती केली तर. सगळी मेख इथेच आहे. कायम नोकरीतली बाई विनंती करू शकते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची कशी करणार? ठेकेदाराकडून आलेली सफाईची मावशी कुणाला कळवणार? आशाताई तर कागदावर कर्मचारीच नाहीत, स्वयंसेविका आहेत.

आता गंमत बघा. गंमत कसली, थट्टाच आहे ही. याच आरोग्य खात्याचा आग्रह असतो की गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. आशाताई घरोघर फिरून शोधतात, सिस्टर नोंद करतात, वजन, बीपी, हिमोग्लोबिन सगळं लिहितात. त्याच दवाखान्यातल्या सिस्टरचीही नोंद असते. पण रजिस्टरमधली गरोदर बाई आणि ड्युटी चार्टवरची सिस्टर ही एकच व्यक्ती आहे, हे त्या दवाखान्यात कुणी जोडून बघत नाही.

मी तिथल्या साहेबांशी बोललो. माणूस वाईट नाही. त्यांचीही अडचण खरी आहे, जागा रिकाम्या आहेत. म्हणाले, "अर्ज आला तर बघू."

माझं म्हणणं एवढंच की अर्जाची वाट का बघायची? गरोदरपणाची नोंद झाली त्याच दिवशी ड्युटी बदलली पाहिजे, आपोआप. कायम, कंत्राटी, ठेक्यावरची, आशा, सगळ्यांना एकच नियम. टीबी, खोकल्याची ओपीडी, थुंकीचे नमुने, गोवर किंवा फ्लूच्या साथीतला घरोघरचा सर्वे यांतून बाहेर. औषधसाठा, नोंदी, फोनवरचा पाठपुरावा ही कामं काय कमी आहेत? गोवराचं तर वेगळंच. त्याची लस गरोदरपणात देताच येत नाही, त्यामुळे लांब ठेवणं हाच उपाय.

कुणी म्हणेल, असे लाड केले तर उद्या बायकांना नोकरीच देणार नाहीत. हे बोलणारे आहेत, म्हणूनच नूतनीकरणाच्या वेळी गरोदरपण हे कारण होता कामा नये, हेही लेखी हवं. आणि माणसं कमी असतील तर ती भरा. रिकाम्या जागेची किंमत पोटातल्या बाळाने का मोजायची?

बाकीच्या गोष्टींना तर खर्चही फारसा नाही. खिडक्या उघडा, डासांसाठी जाळ्या बसवा. थुंकीचा नमुना बाहेर मोकळ्या हवेत घ्या. खोकणाऱ्याला दारातच मास्क द्या आणि रांगेतून आधी मोकळं करा. सिस्टरला साधा निळा नको, तोंडावर नीट बसणारा एन-95 द्या. फ्लूची लस गरोदरपणात घेता येते, जागतिक आरोग्य संघटनाही ती घ्यायला सांगते. ती आधी स्वतःच्या कर्मचाऱ्यांना टोचा. यातलं बहुतेक सगळं रांगेतल्या तुमच्या-माझ्याही फायद्याचं आहे.

आणि आपणही एक करू शकतो. खोकला असेल तर तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यात जा. समोरची सिस्टर कुणाची तरी लेक, सून आहे म्हणून नव्हे. ती तिथे कामाला आहे, आजार घरी न्यायला नाही, म्हणून.

साहेब म्हणाले, अर्ज आला तर बघू. त्या सिस्टरचा अर्ज येणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून हा अर्ज मीच करतोय, इथे, सगळ्यांसमोर. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि आपले आमदार यांच्यापर्यंत पोचेल इतका शेअर करा.

तुमच्या घरात कुणी अशी ड्युटी करत असेल तर कॉमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये लिहा. नाव बाहेर जाणार नाही, माझा शब्द.