माहौल खराब आहे, पण केला कोणी?

आमच्याकडे मुलाबद्दल तक्रार आली की एक वाक्य तयार असतं, "माहौल खराब है." सहावीतल्या पोराने वर्गात शिवी दिली, माहौल खराब. आठवीतल्याच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली, माहौल खराब. नववीतला शाळा सोडून कारखान्यात लागला, माहौल खराब. पालक म्हणतात मोहल्ला बिघडलाय, शिक्षक म्हणतात घर बिघडलंय, जलशातले वक्ते म्हणतात जमाना बिघडलाय, आणि मोसम नदीपलीकडचे लोक म्हणतात की ती वस्तीच तशी. या चौघांचं कशावर एकमत होत नाही, पण एवढ्यावर होतं. माहौल हा शब्द सगळे असा वापरतात, जणू तो हवामान खात्याकडून येतो. थंडी पडली, पाऊस लांबला, माहौल खराब झाला. कोणी केला, हे विचारायचं नाही.

मी मालेगावात उर्दू शाळेत मराठी शिकवते. मला हेच विचारायचं आहे.

आपलं शहर यंत्रमागाचं. पाळी बारा तासांची, आणि जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी झोपतो. घर बहुतेकदा एका खोलीचं, फार तर वर पत्र्याचा माळा. मग आई दबक्या आवाजात मुलांना दाराबाहेर काढते, "अब्बा सो रहे, बाहर जाव." दुपारच्या शाळेचा मुलगा सकाळभर बाहेर. सकाळच्या शाळेचा दुपारभर बाहेर. यात आईची चूक काढायची हिंमत माझ्यात नाही. त्या माणसाला संध्याकाळी पुन्हा मागावर उभं राहायचंय, त्याची झोप झालीच पाहिजे. मुलगा रस्त्यावर येतो तो बापाच्या झोपेसाठी. त्याला आपण नाव देतो ‘आवारा’.

आणि बाहेर आहे काय? हातभर रुंदीची गल्ली, तिच्यात लावलेल्या मोटारसायकली, उघडी गटार. त्यानंतर थेट चौक. चौकात टपरी आणि चहाचं हॉटेल. हॉटेलात पाळी संपलेले, काम न मिळालेले आणि काम न करणारे पुरुष बसलेले. दहा वर्षांचं पोरगं तिथे उभं राहून मोठ्यांच्या गोष्टी ऐकतं, मोठ्यांच्या शिव्या ऐकतं, मोठ्यांना पुडी आणून देतं. पुढे आपण म्हणतो, बुरी संगत लागली. ती संगत कोणाची होती? आपलीच. त्याचे चाचा, मामू, शेजारी. एकाही पोराने चौक बांधलेला नाही की टपरी थाटलेली नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. आज आठवीतल्या मुलाला तो मिळतो, म्हणजे कोणीतरी आणतो, कोणीतरी विकतो, आणि कोणीतरी बघून न बघितल्यासारखं करतो. हे तिघंही प्रौढ आहेत. ज्या झोपेच्या गोळ्यांना आपल्या शहरात ‘कुत्ता गोली’ म्हणतात, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात. मुलं त्या गोळ्या घरी बनवत नाहीत. मुलाच्या खिशात गोळी सापडली की त्याच्या आईला शाळेत बोलावतात. विकणाऱ्याला कोणी बोलावत नाही, कारण तो मोहल्ल्यातलाच असतो, सलामदुआ असते, कधीकधी चंदाही देतो.

इस्लाह-ए-मुआशराच्या जलशांतून संगतीची हदीस नेहमी सांगितली जाते. कस्तुरी विकणाऱ्याजवळ बसलात तर सुगंध मिळेल, लोहाराच्या भात्याजवळ बसलात तर कपडे जळतील, असा तिचा आशय. खरी आहे, अगदी खरी आहे. पण ती सांगून झाल्यावर एक प्रश्न उरतो, आपल्या चौकात कस्तुरीचं दुकान कुठे आहे? लहान मुलाने जाऊन बसावं अशी कुठली जागा आपण मोठ्यांनी मांडून ठेवली आहे? वाचनालय? खेळाचं मैदान? असर ते मगरिब या वेळात त्याला "आओ बेटा" म्हणणारं एक तरी दार?

दुसरी हदीस फितरतीची. प्रत्येक मूल निर्मळ फितरतीवर जन्मतं, पुढे त्याचे आई-बाप त्याला घडवतात. ही सांगताना वक्त्याचा रोख हमखास पडद्यापलीकडे बसलेल्या बायकांकडे असतो. माँ की गोद पहला मदरसा, वगैरे. मूळ अरबीत तिथे द्विवचन आहे. आई आणि बाप, दोघं. बापाचा हिस्सा कुठे गेला? तो मंडपात पुढच्या रांगेत बसून मान डोलावतोय.

पालकसभेला येतात त्याही आया. माझ्या वर्गाच्या गेल्या सभेत बत्तीस पालक होते, त्यात पुरुष चार. त्यातले दोघे आजोबा. बाप का येत नाहीत, याचं सरळ उत्तर म्हणजे ते मागावर असतात. एक दिवस गेला की त्या दिवसाचं कापड गेलं. कारखाने शुक्रवारी बंद असतात, मग सभा शुक्रवारी घ्यावी, असं मी सुचवलं. आमच्या शाळेलाही शुक्रवारीच सुट्टी, म्हणून स्टाफरूममध्ये शांतता पसरली. मुलांच्या माहौलबद्दल सगळ्यात मोठ्याने बोलणारी माणसं त्याच खोलीत बसलेली होती.

मराठीच्या तासाला ‘श्यामची आई’चा विषय निघतोच. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. अशी आई असली तर मूल का बिघडेल, असं म्हणायची पद्धत आहे, आणि मुसलमान घरांतही ते हल्ली ऐकू येतं. त्यातला पोहण्याचा प्रसंग आठवा. घाबरून लपलेल्या श्यामला आई मार देऊन बाहेर काढते आणि विहिरीवर पाठवते. त्या आईला एक विहीर होती. विहिरीवर पोरांना पोहायला शिकवणारी गावची माणसं होती, आणि पोर बुडणार नाही याचा तिला भरवसा होता. आमच्या मोहल्ल्यातली आईही मुलाला दाराबाहेर काढते. पलीकडे त्याला धरायला कोण उभं आहे?

आता त्याच्या वागण्याकडे या. आमच्या मुलांवर शिक्षकांचा पहिला आरोप असतो तो आवाजाचा. ओरडून बोलतात, बदतमीज आहेत. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला आवाज खाली ठेवायला सांगतो, याची आठवणही मुलाला करून दिली जाते. नसीहत बरोबरच आहे. पण ज्या घराच्या भिंतीला लागून सोळा माग खडखडतात, त्या घरात हळू बोललेलं ऐकूच येत नाही. वर्षानुवर्षं मागावर उभ्या राहिलेल्या माणसाचे कान जातात. तो ओरडून बोलतो, त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. ते मूल ओरडायला शिकलं, कारण घरात आपलं म्हणणं पोहोचवायचा दुसरा मार्ग नव्हता. वर्गात त्याला हळू बोलायला शिकवता येतं, दोन-तीन महिने लागतात. फटका मारून ते दोन मिनिटांत होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी इब्न खल्दून वाचावा. ‘मुकद्दमा’ १३७७ सालचा. शिकणाऱ्यावर सक्ती केली की तो खोटं बोलायला आणि आतलं लपवायला शिकतो, हे त्या माणसाने तेव्हाच सांगून ठेवलंय. आपल्याकडे शाळेत शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच मनाई आहे. तरी घरी मार, मकतबमध्ये मार, शाळेत चापट, आणि मग ‘लडका हाथ उठाता है’ अशी तक्रार.

माहौलवाल्यांना माझा एक साधा प्रश्न आहे. एकाच घरातली बहीण आणि भाऊ घ्या. तीच आई, तोच बाप, तीच गल्ली, तोच खडखडाट. राज्यात दहावीला उत्तीर्ण होण्याचं मुलींचं प्रमाण दरवर्षी मुलांपेक्षा जास्त असतं. आमच्या शाळेत तर बक्षीस समारंभाला मुलाचं नाव शोधावं लागतं. माहौलच सगळं ठरवत असेल तर बहीण का नाही बिघडली? कारण तिला आपण वेगळं वाढवलं. तिच्याकडून काम घेतलं, वेळेवर घरी येण्याची अपेक्षा ठेवली, ती कुठे आहे हे दर तासाला विचारलं. भावाला कोणी विचारलं नाही. तो रात्री अकराला आला तरी ताट झाकून ठेवलेलं असतं. त्याने आपला ग्लास उचलून ठेवला तर आजीला वाईट वाटतं.

यावरून मुलालाही कोंडा, असं कोणी म्हणेल, आणि मुलीला कोंडलं ते बरंच केलं, असंही. मी यातलं काहीच म्हणत नाही. ती चांगले गुण घेऊन दहावी होते आणि तिथेच थांबते. बारावीच्या वर्गात तिची जागा रिकामी असते, कारण कॉलेजचा रस्ता त्याच चौकातून जातो. भावांना मोकाट सोडून आपण जो चौक तयार केला, त्या चौकाच्या भीतीने बहिणीला घरी बसवलं जातं. मुलाची हयगय आणि मुलीची कोंडी, दोन्हींचा हिशेब एकाच वहीत आहे.

ज्यांना परवडतं ते मोहल्ला सोडून कॉलनीत जातात. जावं, घर कुठे घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला राग येतो तो नंतरच्या बोलण्याचा. "बच्चों की खातिर निकल गए, वहाँ का माहौल तो तुम जानती हो." ज्या गल्लीतून शिकलेली चार घरं उठून जातात, तिथल्या मुलाला डॉक्टर, वकील, मास्तर रोज दिसायचा बंद होतो. म्हणजे जाणाऱ्यांनीही माहौल केला. निदान शिव्या तरी देऊ नयेत.

नदीपलीकडच्या वाचकांसाठीही दोन शब्द. वस्तीवरून माणूस ठरवणं फक्त पोरांच्या वाट्याला येत नाही. काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग ‘नकारात्मक विभाग’ ठरवल्याचं सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंदलेलं आहे. जिथे कर्ज जात नाही, मैदान जात नाही, कचऱ्याची गाडी उशिरा जाते, तिथली मुलं ‘अशी का’ हे विचारण्याआधी एवढं लक्षात घ्यावं. बरं, याच गल्ल्यांतून व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना जमवून ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यांच्या ‘सुपरमॅन’ची भूमिका एका यंत्रमाग कामगाराने केली. आता त्यांच्यावर हिंदी सिनेमाही आलाय. तेव्हा कोणी म्हणालं नाही की माहौल चांगला आहे.

माझ्या विषयापुरतं सांगते. आमचा मुलगा दहावीपर्यंत ‘ळ’ म्हणताना अडखळतो. ‘बाळ’चं ‘बाल’ होतं, ‘शाळा’ची ‘शाला’. लोक म्हणतात यांना मराठी शिकायचंच नाही. पण भाषा कानातून येते, आणि त्याच्या कानावर मराठी पडते ती माझ्या तासाला, पस्तीस मिनिटं. नदीच्या त्या काठावर त्याच्याच वयाचा मुलगा अस्खलित बोलतो. मधे पूल आहेत. या पोरांनी एकत्र क्रिकेट खेळलं असतं तर माझं निम्मं काम झालं असतं. पण इकडचे आई-बाप म्हणतात तिकडे नको, तिकडचे म्हणतात इकडे नको, आणि दोन्हीकडे कारण तेच, तिथला माहौल.

कोणी विचारेल, मग करायचं काय? फार मोठं काही मागत नाही मी. मशिदीत पंखे आहेत, दिवे आहेत, वजूचं पाणी आहे, आणि मगरिबनंतर इशापर्यंत शांतता आहे. घरात मागाचा आवाज आणि झोपलेला बाप असलेल्या मुलाला तेवढ्यात एक धडा वाचून होईल. ट्रस्टींनी एक कोपरा द्यावा, मोहल्ल्यातल्या एका शिकलेल्या माणसाने तिथे नुसतं बसावं. टपरीवाल्याला पुडी बंद करायला मोहल्ल्यातल्या पाच वजनदार माणसांनी एकदा जाऊन सांगावं. हीच माणसं लग्नातला डीजे बंद करायला जातात, तेव्हा वजन असतंच. आणि बापांनी वर्षातून दोनदा शाळेत यावं. शुक्रवारी बोलावलं तर मी येईन.

शाळेत खेळाचं मैदान आणि गोष्टींच्या पुस्तकांचं ग्रंथालय असलं पाहिजे, हे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे. आमच्याकडे मैदान आहे. चांगलं आहे, कडुनिंबाची दोन झाडंही आहेत. शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागतं आणि मुलं भिंतीला पाठ लावून रस्त्यावर मोबाइल बघत बसतात. चावी शिपायाकडे असते, पण संस्थेच्या चिटणिसांना विचारल्याशिवाय तो देत नाही. चिटणीस म्हणतात, उघडं ठेवलं तर मोहल्ल्यातली पोरं येतील. यायलाच हवीत. शाळा त्यांच्यासाठीच काढली होती. संध्याकाळी दोन तास फाटक उघडं ठेवावं आणि आळीपाळीने एका शिक्षकाने थांबावं, असा अर्ज मी दिलाय. आठवड्यातले दोन दिवस माझे, हेही त्यात लिहिलंय. बाकीच्या दिवसांपुढची जागा अजून रिकामी आहे.