चला, एक संध्याकाळ रंकाळ्यावर

मे महिना लागला की घराघरांत एकच विषय असतो. मुलं म्हणतात मुंबईला जाऊ, चौपाटी बघू, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसू. अब्बा बोटांवर हिशेब करतात: पाच माणसांचं गाडीभाडं, राहणं, खाणं. अम्मी विचारते, मागं दादीला कोण बघणार? आणि विषय तिथंच मिटतो.

म्हणून या महिन्याच्या सदरात लांबची सहल नाही. पाण्याकाठची ऐटबाज वस्ती बघायला मुंबईच गाठायला हवी असं नाही. आपल्या कोल्हापुरात ती आहे. काठावर राजवाडा आहे, बागा आहेत, चौपाटी आहे, सिनेमाचा इतिहास आहे. आजूबाजूला उंच इमारती झाल्या आणि तळं दिसणाऱ्या फ्लॅटचे भाव चढले, तरी कठड्यावर बसायला अजून एक पैसा लागत नाही. तो आपला रंकाळा.

‘रंकाळ्यात नवीन काय?’ असं पुरुष मंडळी म्हणतील. त्यांचं शहरात रोजचं जाणं-येणं. पण गडमुडशिंगी, गांधीनगर, उचगाव भागातल्या बहिणींना विचारा. उत्तर येतं, ‘दवाखान्याला जाताना रिक्षातून दिसला होता,’ किंवा ‘लग्न झालं त्या वर्षी एकदा गेले होते.’ आपण शहराच्या एका टोकाला, रंकाळा दुसऱ्या टोकाला. अंतर फार नाही, पण घरातल्या बाईसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ते वर्षानुवर्षं संपत नाही. आजची माहिती त्यांच्यासाठी.

कधी जावं

सर्वांत चांगली वेळ असर ते मगरिब. रंकाळा शहराच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे गावाकडच्या काठावर बसलं की सूर्य समोर पाण्यापलीकडे मावळतो. वेळ शोधायला मोबाइलची गरज नाही. आपल्या घरातल्या कॅलेंडरात मगरिबची वेळ असते, तीच सूर्यास्ताची. मे महिन्यात साधारण सात, डिसेंबरात सहाच्या आसपास. त्याच्या तास-दीड तास आधी काठावर पोचावं.

दुसरी वेळ पहाटेची. फजर पढून लगेच निघालात तर गर्दी नसते, हवा थंड असते आणि चालणारे लोक भेटतात. तळ्याभोवतीची पूर्ण फेरी चार किलोमीटरपेक्षा थोडी जास्त भरते. ज्यांना डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय, त्यांनी महिन्यातून एखादा दिवस तरी इथं चालून बघावं. घराच्या गच्चीवर फेऱ्या मारण्यापेक्षा पाय लवकर उचलतात.

रविवार टाळता आला तर टाळा. बासी ईदला जायची आपल्यात हौस असते, पण त्या दिवशी बसायला जागा शोधावी लागते. वृद्धांना न्यायचं असेल तर मंगळवार-बुधवारसारखा साधा दिवस बरा.

कसं जावं

आपल्याकडून केएमटीने शहरात यायचं आणि तिथून रंकाळ्याकडची गाडी किंवा रिक्षा धरायची. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा. नाहीतर सूर्यास्त बघताना अर्धं लक्ष घड्याळाकडे राहतं. दोन-तीन घरांनी मिळून एखादी मोठी रिक्षा ठरवली तर दादी-नानींना चढउतार कमी पडते आणि माणशी खर्चही फार येत नाही.

वाटेत दसरा चौक लागतो. तिथं राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आणि मुस्लिम बोर्डिंग मुलांना दाखवा. ईदच्या नमाजेला मुलांनी ते मैदान पाहिलेलं असतं, पण त्यामागची गोष्ट ठाऊक नसते. मुस्लिम मुलांनी शिकावं म्हणून शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, त्यातून हे बोर्डिंग उभं राहिलं. दोन मिनिटांत सांगून होतं, आणि मुलांच्या लक्षात राहतं.

काय बघावं

आधी तळं समजून घ्या. रंकाळा मुळात दगडाची खाण. शहरातल्या जुन्या बांधकामांना इथून दगड गेला आणि पुढं भूकंपाने जमीन खचून खाणीत पाणी भरलं, असं जुने लोक सांगतात. नाव पडलं ते रंकभैरवाच्या देवळावरून. नंतर संस्थानच्या काळात बांध-घाट झाले आणि खाणीचं तळं झालं.

रंकाळा टॉवर आणि राजघाटाकडून सुरुवात करा. काळ्या दगडाच्या पायऱ्या, समोर उघडं पाणी. तिथून जवळच पाण्यात संध्यामठ दिसतो. ही दगडी खांबांची जुनी इमारत पावसाळ्यात पाण्यात बुडते आणि उन्हाळ्यात वर येते. मे महिन्यात गेलात तर बराचसा मठ दिसेल. तेच ठिकाण सप्टेंबरात परत बघा आणि मुलांना विचारा, पाणी किती वाढलं? शाळेच्या पुस्तकापेक्षा ते लवकर समजतं.

पलीकडे झाडीत दिसतो तो शालिनी पॅलेस. १९३१ ते १९३४ या काळात तो बांधला आणि त्या काळी त्याला आठ लाख रुपये लागले. छत्रपती घराण्यातल्या शालिनीराजे यांचं नाव त्याला दिलेलं आहे. काळा दगड, आत इटालियन संगमरवर, दारांना बेल्जियमची काच. १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं, पुढं तेही बंद पडलं. आत जायला मिळेल या आशेवर जाऊ नका. लांबून, पाण्यावरून दिसतो तेव्हाच तो सर्वांत देखणा दिसतो.

याच नावाचा एक स्टुडिओही रंकाळ्याजवळ होता, शालिनी सिनेटोन. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा १९३६ चा बोलपट याच संस्थेचा. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती कहाणी. ‘प्रभात’ कंपनीसुद्धा १९२९ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. घरातल्या मोठ्यांना जुन्या सिनेमांबद्दल विचारायला रंकाळ्याचा कठडा ही चांगली जागा आहे. घरात जे कधी बोलत नाहीत, ते अब्बाजान इथं बोलू लागतात.

पाखरं बघायची असतील तर चौपाटी सोडून गवत-झुडपांच्या काठाकडे चला. बगळे, पाणकावळे, खंड्या, टिबुकल्या आणि जांभळी पाणकोंबडी दिसतात. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. ती कुठं येईल यावर लहान मुलं अर्धा तास रमतात.

काय खावं

चौपाटीवर भेळ, पाणीपुरी, रगडा, भाजलेलं कणीस, शेंगा, आइस्क्रीम सगळं मिळतं. बहुतेक शाकाहारीच, त्यामुळे हलालचा प्रश्न सहसा येत नाही. अंडा-चिकनची गाडी असेल तर विचारून खावं. विचारण्यात संकोच कसला? खर्च आटोक्यात ठेवायचा एक सोपा मार्ग आहे. घरून चपात्या, सुका खिमा आणि पाण्याच्या बाटल्या न्याव्यात. बाहेर फक्त एकच गोष्ट घ्यायची, आणि ती मुलांनी निवडायची. एकच निवडायची म्हटलं की मुलंही विचार करतात आणि हट्ट कमी होतो.

येता-जाता गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हैस समोर उभी असते, दूध समोर काढून पेल्यात देतात. कोल्हापूरच्या पैलवानांची ही जुनी सवय. मोठ्यांनी जरूर चव घ्यावी. पण ते कच्चं दूध असतं, म्हणून लहान मुलं, गरोदर बहिणी आणि आजारी माणसांना तिथं देऊ नये. बाटलीत भरून घरी आणावं आणि उकळून द्यावं.

मगरिबची वेळ थोडी असते. पुरुषांनी जवळच्या पेठेतल्या मशिदीत जाऊन यावं. बहिणींनी आधीच ठरवावं. शिवाजी पेठेत, गंगावेशीत कुणी नात्यातलं असेल तर त्यांना दोन दिवस आधी फोन करावा. नमाजही होते आणि भेटही. वजूला पाणी घरूनच न्यावं.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं

दादी-नानींना पूर्ण फेरी मारायला लावू नका. पाठीला टेकू मिळेल असा बाक बघून त्यांना बसवा आणि तरुणांनी आळीपाळीने त्यांच्याजवळ थांबावं. पद्माराजे उद्यानासारख्या बागेत सावली मिळते. चादर, शाल, रात्रीची गोळी आणि टॉर्च सोबत असावी. शौचालय कुठं आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा. बायका पाणी न पिता घरातून निघतात आणि मग डोकं दुखतं, ते यामुळेच.

मुलांच्या बाबतीत मात्र कडक राहा. रंकाळा खाणीचा तलाव आहे. नदीसारखा त्याचा काठ हळूहळू खोल होत नाही, एका पावलानंतर तळ सुटू शकतो. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. त्यामुळे पाय बुडवायला, सेल्फीला, चेंडू काढायला पाण्यात उतरायचं नाही. आजूबाजूच्या खणींनाही हेच लागू. होडी चालू असेल तर लाइफ जॅकेट अंगात चढल्याशिवाय बसायचं नाही.

तळ्याशी कसं वागावं

रंकाळ्याची तब्येत नेहमीच चांगली असते असं नाही. शहराच्या नाल्यांचं सांडपाणी त्यात येत राहिलंय. सांडपाण्यासोबत येणाऱ्या घटकांवर केंदाळ आणि हिरवं शेवाळ पोसलं जातं. ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. अलीकडे गणेश विसर्जन इराणी खणीत होतं, त्यामुळे तळ्यावरचा एक भार कमी झाला. हिंदू बांधवांनी आपली जुनी पद्धत तळ्यासाठी बदलली, ही मोठी गोष्ट आहे.

आपणही एक पद्धत बदलू शकतो. सवाब मिळावा म्हणून आपल्यातले पुष्कळ लोक माशांना कणकेचे गोळे, पाव, चुरमुरे टाकतात. नियत चांगली आहे, पण न खाल्लेला पाव तळाशी कुजतो आणि त्याच माशांचा श्वास कोंडतो. ते पीठ एखाद्या भुकेल्याला द्या. जेवणाची हाडं, कागदी ताटल्या, डायपर पिशवीत बांधून घरी आणा. हाडं टाकली की कुत्री जमतात आणि आपल्यानंतर येणाऱ्याची लेकरं घाबरतात.

जायचंच का?

हा प्रश्न मला बहिणी हळू आवाजात विचारतात. जून २०२३ मध्ये शहरात दंगल झाली, इंटरनेट बंद झालं. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी संध्याकाळी बाहेर पडणंच सोडलं. ‘डोक्यावर ओढणी, अंगावर बुरखा, लोक बघतात,’ असं त्या म्हणतात. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्या दिवशी शहरात बंद किंवा तणाव असेल, त्या दिवशी घरातच थांबावं. त्यात शहाणपण आहे.

पण एरवीच्या दिवशी काय? बागा, घाट, कठडे ही सगळ्या गावाची जागा. आपण यायचं सोडलं की ती आपोआप दुसऱ्यांची होते, आणि आपल्या मुलींना वाटू लागतं की शहर आपलं नाहीच. शेजारच्या चादरीवर बसलेल्या वहिनी भेळेचा कागद पुढं करतात, आपण त्यांना खिमा नको असेल तर शिरा देतो, मुलं एकाच चेंडूने खेळतात. भाषणं ऐकून जे होत नाही, ते अशा तासाभरात होतं. पहिल्यांदा एकटं वाटत असेल तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून जा. सोबत शेजारच्या हिंदू मावशींनाही बोलवा. त्यांनाही घरातून कुठं कुणी नेलेलं असतं?

तेव्हा या सुट्टीत एक दिवस ठरवा. स्वयंपाक दुपारीच उरकून घ्या, भांडी तशीच राहू द्या. घरातल्या ज्या बाईने रंकाळा फक्त रिक्षातून पाहिलाय, तिला पाण्याकडे तोंड करून मधोमध बसवा, आणि त्या संध्याकाळी तिला कुणी चहा करायला सांगू नका.