मुद्देमालाचे सील आणि न्यायाची साखळी

११ जुलै २००६ ची संध्याकाळ पश्चिम रेल्वेने नित्य प्रवास करणाऱ्या आपल्या पिढीला विसरता येणार नाही. अवघ्या ११ मिनिटांत सात लोकलगाड्यांच्या प्रथम वर्गाच्या डब्यांत बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, ८०० हून अधिक जखमी झाले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशीची व सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही दोषसिद्धी सर्व बारा जणांच्या बाबतीत रद्द केली. त्यांपैकी एकाचा कारागृहातच २०२१ मध्ये मृत्यू झाला होता. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरला जाऊ नये, असा आदेश दिला. परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविण्यास सांगितले नाही.

या निकालाने अनेकांच्या मनात संताप दाटून आला व तो समजण्याजोगा आहे. तथापि निकालातील एका मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ओळख परेड व कबुलीजबाब यांच्याबरोबरच जप्त केलेल्या स्फोटकांचा पुरावाही न्यायालयाने अविश्वसनीय मानला. आरोपींकडून आरडीएक्स, डिटोनेटर आदी वस्तू मिळाल्याचा तपास यंत्रणेचा दावा होता. परंतु हा मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत योग्य रीतीने सीलबंद व सुरक्षित होता, हे सिद्ध झाले नाही. स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, हेदेखील सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही.

यातून एक साधी गोष्ट ध्यानी येते. पुडक्यात काय आहे, हे रासायनिक विश्लेषक अचूक सांगू शकतो. ते पुडके कोठून आले, वाटेत कोणी उघडले काय, हे सांगणे त्याच्या हाती नसते. ते पंचनामा, लाखेचे सील, मालखान्याची नोंदवही आणि मुद्देमाल घेऊन जाणारा हवालदार यांनी सांगावयाचे असते. या साखळीतील एक कडी निखळली, तर उत्तमोत्तम यंत्राचा अहवालही न्यायालयाच्या उपयोगी पडत नाही.

याच निकालाच्या सहा दिवस आधी, १५ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील २०११ च्या दुहेरी हत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीची निर्दोष मुक्तता केली. तेथे डीएनए अहवाल आरोपीच्या विरोधात होता. पण नमुने हाताळताना झालेला विलंब व ताब्याच्या नोंदींतील त्रुटी यांमुळे न्यायालयाने तो स्वीकारला नाही. त्या वेळी न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. नमुना घेताना वैद्यकीय अधिकारी, तपास अधिकारी व स्वतंत्र साक्षीदार यांच्या सह्या घ्याव्यात; नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा; तो कोणाकोणाच्या ताब्यात होता याची नोंदवही ठेवावी; आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून तो उघडू नये. दिल्लीतील छावला प्रकरणात २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेले तिघे सुटले, तेव्हाही नमुने कित्येक दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, ही बाब न्यायालयाने नोंदविली होती. एका तरुणीच्या आईवडिलांना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

दोष केवळ हाताळणीचा असतो असेही नाही. काही वेळा शास्त्र म्हणून जे सांगितले जाते, त्याचाच पाया कच्चा असतो. अमेरिकेत सूक्ष्मदर्शकाखाली केसांची तुलना करून आरोपी ओळखण्याची पद्धत अनेक दशके चालली. २०१५ मध्ये एफबीआयने जुन्या खटल्यांच्या फेरतपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. तज्ज्ञांची साक्ष आरोपीच्या विरोधात गेलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये शास्त्राला न धरून विधाने केलेली आढळली. देहदंडाच्या ३५ प्रकरणांपैकी ३३ मध्ये अशी चूक होती आणि त्यांतील नऊ जणांना फाशी आधीच दिली गेली होती. त्याआधी २००९ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने, डीएनए वगळता अन्य कोणतीही पद्धत एखादा पुरावा एका विशिष्ट व्यक्तीशी खात्रीने जोडू शकते हे काटेकोरपणे सिद्ध झालेले नाही, असा इशारा दिला होता.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत व त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तिच्या कलम १७६ मध्ये तरतूद आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. या तरतुदीचे आम्ही स्वागत करतो. मारहाण करून मिळविलेल्या कबुलीपेक्षा शास्त्रीय पुरावा केव्हाही श्रेयस्कर होय. परंतु यामुळे कलिना येथील प्रयोगशाळेवर व राज्यातील तिच्या शाखांवर कामाचा भार वाढणार, हे उघड आहे. पुरेसे प्रशिक्षित मनुष्यबळ, शीतकपाटे आणि वाहने नसतील, तर कायद्यातील शब्द कागदावरच राहतील.

आणखी एक बाब. शासकीय तज्ज्ञाचा अहवाल, त्याला साक्षीला न बोलावताही, पुरावा म्हणून दाखल करण्याची मुभा कायदा पूर्वीपासून देत आला आहे. नव्या संहितेतही ती कायम आहे. न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते; पण गरीब आरोपीच्या वकिलाने तशी मागणीच केली नाही, तर अहवालाचा शेवटचा परिच्छेद हाच निर्णय ठरतो. आमच्या मते, जेथे जन्मठेप वा फाशी संभवते, तेथे तज्ज्ञाची उलटतपासणी व्हावी. त्याने कोणती पद्धत वापरली आणि चुकीची शक्यता किती, हे न्यायाधीशांसमोर यावे. तसेच बचाव पक्षाला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून साहाय्य मिळावे.

शेवटी आपल्याविषयी. गावात वा सोसायटीत काही घडले, की पंच म्हणून सही करण्यास पोलीस आपल्यालाच बोलावतात. ‘कोर्टकचेरीची कटकट नको’ म्हणून आपण टाळतो, किंवा न वाचताच सही करून मोकळे होतो. पुढे साक्षीत पंच फितूर होतो आणि साखळी तेथेच तुटते. पंचनामा वाचावा, वस्तू आपल्यासमोर सीलबंद झाली की नाही हे पाहावे, तसे नसेल तर सही करू नये. २००६ च्या त्या संध्याकाळी ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांना १९ वर्षांनंतरही दोषी कोण याचे उत्तर मिळालेले नव्हते. एवढी वर्षे तुरुंगात काढून जे सुटले, त्यांना ती वर्षे कोणी परत देणार नाही. पुढील खटल्यात तरी ही दोन्ही दुःखे टाळता यावीत, यासाठी आपल्या वाट्याची ही लहानशी जबाबदारी आपण पार पाडू शकतो.